लेकीचा जुना मॅक आणि अठरा वर्षांच्या ओव्या

प्रश्न : सांगली जिल्ह्यातील एका निवृत्त शिक्षिकेने हे पत्र पाठवले आहे. त्यांचे वय त्रेसष्ट आहे. गेली अठरा वर्षे त्या परिसरातील वृद्ध स्त्रियांकडून ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्या घरच्या संगणकावर टाइप करून ठेवत आहेत. त्याखेरीज शाळांच्या आणि संस्थांच्या स्मरणिकांची अक्षरजुळणीही घरूनच करतात. हे सारे काम पेजमेकर या पाने जुळवण्याच्या प्रोग्राममध्ये आणि हार्डवेअर लॉक (संगणकाला जोडल्याशिवाय प्रोग्राम चालू न देणारी किल्ली) लावून चालणाऱ्या एका जुन्या मराठी फॉन्टसंचात होते. संगणक २०१४ साली जुळवून घेतलेला असून त्यावर विंडोज १० आहे आणि आता त्याचा आधार, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणे, संपल्याची सूचना पडद्यावर वारंवार येते. बंगळुरूला नोकरी करणाऱ्या लेकीने स्वतःसाठी नवा लॅपटॉप घेतला असून आपला २०१७ सालचा अॅपलचा मॅकबुक एअर हा लॅपटॉप ती आईला पाठवते आहे. ‘मॅकला व्हायरस लागत नाही, तो जुना डबा भंगारात दे,’ असे तिचे म्हणणे आहे. यजमान गृहनिर्माण संस्थेचे हिशेब याच संगणकावर टॅलीमध्ये ठेवतात. त्यांच्या मते नवा विंडोज संगणक घेतला की प्रश्न मिटला. भाचा म्हणतो, विंडोजच्या जागी लिनक्स ही प्रणाली टाक, ती फुकट आहे. पत्रलेखिका विचारतात : ‘मी मॅकवर जावे का? माझ्या ओव्या तिथे उघडतील का? या वयात सगळे नव्याने शिकणे मला जमेल का? आणि नको म्हटले तर लेकीला काय वाटेल?’

प्रिय ताई,

तुमच्या पत्रात चार माणसे आहेत आणि त्यांपैकी तिघांनी तुम्हाला यंत्राविषयीचे उत्तर दिले आहे. प्रत्येकाचे उत्तर आपापल्या जागी खोटे नाही. परंतु तुमचा प्रश्न यंत्राचा कमी आणि त्यात अठरा वर्षे साठलेल्या मजकुराचा अधिक आहे, हे त्या तिघांपैकी कोणीच ध्यानात घेतलेले दिसत नाही. तुमचे पत्र मात्र ते बरोबर ओळखते, कारण ‘ओव्या उघडतील का’ हा प्रश्न तुम्ही ‘मला जमेल का’ याच्या आधी विचारला आहे. म्हणून मीही उत्तर त्याच क्रमाने देणार आहे. तत्पूर्वी एक खुलासा आवश्यक आहे, कारण त्यावाचून लेकीच्या भेटीविषयी जे बोलले जाईल ते अर्धवट राहील.

२०१७ सालच्या मॅकबुक एअरवर मॅकच्या प्रणालीची ‘मॉन्टेरे’ ही आवृत्ती चढते, तिच्यापुढची चढत नाही. मॉन्टेरे २०२१ सालच्या शरदात आली आणि २०२४ नंतर तिला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणे थांबले. मॅकच्या जगात चालू आवृत्ती आणि तिच्या मागच्या दोन एवढ्यांनाच साधारणपणे अशा दुरुस्त्या मिळत राहतात. तुमच्या विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, म्हणजे मॉन्टेरेच्याही नंतर. सुरक्षेच्या भीतीने तुम्ही ज्या घरातून बाहेर पडायचे म्हणता, त्याच्याही आधी कुलूप मोडलेल्या घरात राहायला जाण्यासारखे हे आहे. लेकीने हे मुद्दाम लपवले असे मी मुळीच म्हणत नाही. तिच्या हातात तो लॅपटॉप अजून व्यवस्थित चालतो, आणि चालणारी वस्तू निकामी झाली आहे असे कोणालाच वाटत नाही. तुम्हालाही तुमच्या संगणकाविषयी तसेच वाटते आहे.

‘मॅकला व्हायरस लागत नाही’ हे विधानही थोडे तपासून घेऊ. जगात विंडोजचे संगणक फार अधिक असल्यामुळे त्रासदायक प्रोग्राम लिहिणाऱ्यांचे लक्ष प्रामुख्याने त्यांच्याकडे राहिले, आणि मॅकची रचनाही अनोळखी प्रोग्रामला सहजासहजी शिरू देत नाही, हे दोन्ही खरे आहे. परंतु निवृत्त माणसाच्या घरात पैसा जातो तो बहुधा व्हायरसने नव्हे, तर फोनवर गोड बोलून ओटीपी काढून घेणाऱ्याने, किंवा ‘तुमचे वीजबिल थकले आहे’ अशा संदेशातील दुव्याने. तिथे मॅक काय, विंडोज काय आणि लिनक्स काय, सगळे सारखेच हतबल असतात.

आता ओव्यांकडे येऊ. येथे मला थोडे सविस्तर लिहावे लागेल, कारण तुमच्यासारखीच कोंडी झालेले अनेक वाचक आहेत. कोणी मठाची पत्रिका काढतो, कोणी नाट्यसंस्थेच्या संहिता जपतो, कोणी वडिलांच्या कविता टाइप करून ठेवल्या आहेत, आणि त्यांपैकी बहुतेकांना आपला मजकूर प्रत्यक्षात कशात अडकला आहे याची कल्पना नाही.

तुम्ही जुन्या फॉन्टमध्ये ‘माहेर’ असे टाइप करता तेव्हा संगणक आत ‘माहेर’ साठवत नाही. तो रोमन अक्षरे आणि काही चिन्हे साठवतो, आणि फॉन्ट त्यांच्यावर देवनागरीचे मुखवटे चढवतो. फॉन्ट काढला की मुखवटे गळून पडतात. शिवाय प्रत्येक फॉन्टसंचाने मुखवट्यांचा क्रम आपापल्या सोयीने लावला असल्यामुळे एका संचातला मजकूर दुसऱ्यात उघडला तर तो वाचता येत नाही. याउलट १९९१ साली पहिली आवृत्ती निघालेल्या युनिकोड या सर्व लिप्यांसाठीच्या सामाईक संकेतात प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. ‘क’चा क्रमांक २३२५ आहे आणि तो विंडोजवर, मॅकवर, लिनक्सवर, तुमच्या हातातल्या फोनवर, सर्वत्र २३२५ च आहे. फॉन्ट कोणताही असो, आतला ‘क’ हा ‘क’च राहतो.

माझ्या स्वतःच्या बाबतीत हे फार उशिरा उमगले. पूर्वी एकदा संगणक बदलला तेव्हा मी सगळ्या फाइली नव्या यंत्रावर मोठ्या काळजीने उतरवून घेतल्या, जुने यंत्र देऊन टाकले आणि दोन महिन्यांनी एक लेख उघडला. पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि टोप्या घातलेल्या स्वरांचा नुसता चिखल होता. फाइल होती, मजकूरही होता, फक्त तो वाचणारा फॉन्ट जुन्या यंत्राबरोबर गेला होता. काही लेख छापील कात्रणांवरून पुन्हा टाइप केले आणि ज्यांची कात्रणे नव्हती ते गेले ते गेलेच. तुमच्या ओव्यांना तर कात्रणेही नाहीत, आणि ज्यांनी त्या सांगितल्या त्यांपैकी किती जणी आज असतील, हे तुम्हालाच ठाऊक.

तेव्हा तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे : आज आहेत तशा तुमच्या ओव्या मॅकवर उघडणार नाहीत. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, ७.०, ही २००१ सालची आहे आणि तिचा मॅकवरचा अवतार आजच्या कोणत्याही मॅकवर चालत नाही. यात एक गंमत आहे. घरच्या टेबलावर पाने जुळवण्याची ही सारी विद्या १९८५ साली मॅकवरच सुरू झाली आणि पेजमेकर जन्मला तोही मॅकसाठीच. आपल्याकडच्या अक्षरजुळणी करणाऱ्यांनी तो विंडोजवर उचलला आणि जगाने टाकून दिल्यावरही सांभाळला. तुमच्या फॉन्टची फाइल मॅकवर कदाचित बसेलही, परंतु टाइप करण्याचा प्रोग्राम आणि ते हार्डवेअर लॉक विंडोजसाठी आहेत.

यजमानांनी येथे लगेच ‘पहा, मी म्हणत होतो’ असे म्हणू नये, म्हणून त्यांच्या उपायाकडेही पाहू. नवा विंडोज संगणक म्हणजे जुन्याचेच पुढचे पान, असे त्यांनी गृहीत धरले आहे. विंडोज ३२ बिटांचे (जुन्या घडणीचे) आणि ६४ बिटांचे (नव्या घडणीचे) अशा दोन प्रकारांत येत असे; विंडोज ११ फक्त ६४ बिटांचे आहे. तुमचा संगणक २०१४ सालचा आहे. त्यावरचे विंडोज ३२ बिटांचे असण्याची बरीच शक्यता आहे, आणि ते ‘सेटिंग्ज’मधील ‘सिस्टिम’ आणि त्यातील ‘अबाउट’ या पानावर दोन मिनिटांत पाहता येते. ३२ बिटांसाठी लिहिलेले साधे प्रोग्राम विंडोज ११ वर बहुतांशी चालतात, परंतु हार्डवेअर लॉकची विंडोजला ओळख करून देणारा छोटा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, ३२ बिटांचा असेल तर तिथे चालत नाही. फॉन्टसंचाच्या विक्रेत्याकडे ६४ बिटांचा ड्रायव्हर मिळाला तर उत्तमच. नाही मिळाला तर नवा कोरा विंडोज संगणकही तुमच्या ओव्यांच्या दृष्टीने मॅकइतकाच परका ठरेल. म्हणजे ‘विंडोजवरून मॅकवर जाणे हे स्थलांतर आणि विंडोजवरून विंडोजवर जाणे हे राहत्या घराची रंगरंगोटी’ ही समजूत तुमच्या बाबतीत टिकत नाही. दोन्हीकडे सामान बांधावे लागणारच आहे.

सामान कसे बांधायचे, तेही सांगते. पेजमेकरच्या प्रत्येक फाइलची प्रथम पीडीएफ काढा, आणि ती काढताना फॉन्ट आत बसवलेला आहे याची खात्री करा. ही पीडीएफ कोणत्याही यंत्रावर आज दिसते तशीच दिसेल आणि छापताही येईल. तिच्यातून मजकूर उचलला तर मात्र पुन्हा तोच रोमन चिखल हाती येईल, म्हणून पीडीएफ हे छायाचित्र आहे असे समजा. त्यानंतर मूळ मजकूर पेजमेकरमधून ‘एक्स्पोर्ट’ करून बाहेर काढा, आणि तो साध्या मजकुराच्या नव्हे तर आरटीएफ स्वरूपात काढा. याचे कारण असे की साध्या मजकुरात कोणता भाग मराठी फॉन्टमध्ये होता आणि कोणता इंग्रजीत, ही खूण पुसली जाते. मग फॉन्टपरिवर्तक, म्हणजे जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये आणणारा प्रोग्राम, तुमच्या टिपांमधील इंग्रजी नावे आणि तारखांसह सगळ्याचेच देवनागरीकरण करतो आणि तो गोंधळ निस्तरणे फार जिकिरीचे होते. आरटीएफमध्ये फॉन्टची नोंद राहते. मग आपल्या फॉन्टसाठी बनवलेला परिवर्तक वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणा. अनेक फॉन्टसंचांच्या पुढच्या आवृत्त्यांमध्ये असा परिवर्तक असतो आणि अक्षरजुळणीच्या धंद्यातल्या मंडळींकडे तो हमखास सापडतो. तुमच्या गावातल्या किंवा सांगलीच्या एखाद्या डीटीपीवाल्याला विचारलेत तर काम अर्ध्यावर येईल.

परिवर्तन झाल्यावर मुद्रितशोधन तुम्हालाच करावे लागेल, आणि या कामात तुमच्याइतके सक्षम माणूस तुमच्या घरात दुसरे नाही. चुका ठरावीक जागी होतात. टंकयंत्रावर आणि जुन्या फॉन्टमध्ये आपण ‘कि’ लिहिताना आधी ऱ्हस्व वेलांटी देतो आणि मग ‘क’. युनिकोडमध्ये क्रम उलटा असतो, त्यामुळे जोडाक्षरावर वेलांटी असेल तिथे ती भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. रफाराचेही तसेच : जुन्या पद्धतीत तो अक्षरानंतर येतो, युनिकोडमध्ये ‘र’ आधी लिहावा लागतो. आणि सर्वांत अधिक लक्ष द्यावे लागते ते आपल्या मराठी ‘ऱ्य’कडे, कारण अनेक परिवर्तक हिंदी डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले असतात आणि त्यांना हा अर्धचंद्री ‘र’ ओळखू येत नाही. ‘आचाऱ्यांनी’ स्वयंपाक केला असेल तर तो ‘आचार्यांनी’ केल्याचे कागदावर येते, आणि ओवीतल्या ‘दऱ्या’ लांघणाऱ्या भावाला परिवर्तक थेट ‘दर्या’ ओलांडायला लावतो. पहिली दहा पाने बारकाईने तपासा, चुकांचे नमुने टिपून ठेवा. त्या पुढेही त्याच त्याच येतात आणि ‘शोधा व बदला’ या सोयीने एकगठ्ठा दुरुस्त होतात.

हे काम कंटाळवाणे आहे, पण त्यातून मिळणारी एक गोष्ट मी मुद्दाम सांगते. आज तुमच्या संगणकात ‘विठ्ठल’ असा शब्द शोधायला सांगितला तर तो सापडत नाही, कारण संगणकाच्या लेखी तो शब्द तिथे नाहीच. युनिकोडमध्ये आणल्यानंतर ज्या ज्या ओवीत ‘माहेर’ आहे, ‘बंधुराया’ आहे, ‘सीता’ आहे, त्या सगळ्या एका क्षणात समोर येतील. एकच ओवी दोन गावांतल्या दोन बायांनी किंचित वेगळी म्हटली असेल, तर त्या दोन्ही शेजारी ठेवून पाहता येतील. अठरा वर्षे तुम्ही गोळा केले. ते वाचण्याची खरी सोय आता होईल.

मूळ फाइली, पीडीएफ आणि युनिकोड मजकूर असे तिन्ही प्रकार दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा : एक बाहेरची डिस्क घरात आणि दुसरी लेकीकडे बंगळुरूला. विंडोजने आपल्या नेहमीच्या एनटीएफएस पद्धतीने तयार केलेली डिस्क मॅक वाचतो, पण तिच्यावर लिहीत नाही. शिवाय नवी डिस्क जोडली की मॅक कधीकधी ‘ही टाइम मशीनच्या बॅकअपसाठी वापरू का’ असे अदबीने विचारतो, आणि त्याला हो म्हटले तर पुढे ती डिस्क पुसण्याची परवानगी मागतो. ज्या डिस्कवर ओव्यांची एकमेव प्रत आहे ती कृपया मॅकला जोडूच नका. रिकामी डिस्क आधीच एक्सफॅट पद्धतीने तयार केली तर ती दोन्हीकडे वाचता आणि लिहिता येते.

आता ‘या वयात जमेल का’ हा प्रश्न. तुम्ही लिहिले नसते तरी तुमच्या वयाच्या वाचकांच्या पत्रांत तो येतोच, आणि मला तो खोटा वाटतो. तुम्ही टंकयंत्रावर शिकलात, त्यावरून संगणकावर आलात, फॉन्टसंचाची कळरचना आत्मसात केलीत; एवढी स्थलांतरे केलेल्या माणसाला चौथे जमणार नाही असे कोण म्हणेल? अडचण बुद्धीची नसून बोटांची आहे. मॅकवर ‘कंट्रोल’ऐवजी ‘कमांड’ची कळ अंगठ्याने दाबावी लागते, खिडकी बंद केली तरी प्रोग्राम बंद होत नाही, ‘डिलीट’ लिहिलेली कळ आपल्या ‘बॅकस्पेस’चे काम करते, आणि फाइलवर ‘एंटर’ दाबले तर ती उघडण्याऐवजी तिचे नाव बदलायला घेते. हे सारे तीन आठवड्यांत अंगवळणी पडते. मराठी टाइप करण्याचे मात्र तसे नाही. टंकयंत्राची जी कळरचना तुमच्या बोटांत बसली आहे ती मॅकसोबत येत नाही. विंडोजवर आणि लिनक्सवर ती वेगळी बसवून घेता येते. तिन्हीकडे आपोआप मिळणारी कळरचना एकच, ती म्हणजे इनस्क्रिप्ट : डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजने. ती १९८० च्या दशकात शासनाने सर्व भारतीय लिप्यांसाठी मिळून ठरवली. ती शिकलात तर यंत्र बदलण्याची भीती कायमची जाते. परंतु चाळीस वर्षांची वेगाची सवय मोडायला निदान दोन-तीन महिने लागतात आणि त्या काळात आपण पहिलीतल्या मुलासारखे अक्षर शोधत बसतो, हे आधीच माहीत असावे. स्मरणिकेचे काम डोक्यावर असताना हा प्रयोग करू नका.

पर्याय असे दिसतात. तुमच्या सध्याच्या संगणकावर विंडोज ११ चढणार नाही, कारण त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. २०१४ सालचा संगणक फार तर चौथ्या पिढीचा असतो. परंतु तो म्हणून लगेच भंगारात द्यावा असेही नाही. घरगुती ग्राहकांसाठी विंडोज १० च्या सुरक्षादुरुस्त्या १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून मिळण्याची सोय केलेली आहे. ‘विंडोज अपडेट’च्या पानावर नोंदणीचा दुवा दिसतो आणि मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश करून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर त्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत. ही नोंदणी या आठवड्यातच करा. त्यामुळे ओव्यांचे परिवर्तन शांतपणे करायला अवधी मिळेल. ती मुदत संपली की त्या संगणकाची इंटरनेटची वायर काढून टाका आणि त्याला फक्त पेजमेकरचे यंत्र म्हणून राहू द्या. जगाशी संबंध नसलेल्या यंत्राला नव्या दुरुस्त्यांची फारशी गरज नसते. पेनड्राइव्ह तेवढा जपून लावावा.

भाच्याची सूचना मी हसण्यावारी नेणार नाही, पण ती वेगळ्या यंत्राला लागू करीन. लिनक्स मिंट किंवा तत्सम प्रणाली पेनड्राइव्हवरून, काहीही न पुसता, चालवून पाहता येते. लेकीचा मॅकबुक एअर इंटेल प्रोसेसरचा असल्यामुळे त्यावर ती बसते आणि त्यातल्या आठ जीबी रॅममध्ये चांगली चालते. लिनक्स मिंट २२ या मालिकेला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. म्हणजे मॉन्टेरेने थांबलेले यंत्र आणखी काही वर्षे सुरक्षितपणे वापरता येईल. एकच खोच आहे : त्या मॅकचे वायफाय लिनक्सवर पहिल्या दिवशी बहुधा चालत नाही, त्याचा ड्रायव्हर वेगळा बसवावा लागतो, आणि तो उतरवून घेईपर्यंत फोन केबलने जोडून त्याचे इंटरनेट वापरावे लागते. संगणकक्षेत्रात काम करणाऱ्या तुमच्या लेकीला हे एका संध्याकाळचे काम आहे. तुम्ही स्वतः त्यात डोके घालू नका. सोबत येणाऱ्या लिबरऑफिस या लेखनाच्या प्रोग्राममध्ये युनिकोड मराठी उत्तम लिहिता येते. पेजमेकर मात्र तिथे शोधू नका.

नवा मॅक घ्यावा का, असे तुम्ही विचारले नाही, पण लेकीच्या मनात ते पुढे येईल म्हणून लिहिते. घ्यायचाच झाला तर लॅपटॉपऐवजी मॅक मिनी पाहा. तुमचा पडदा, कळफलक आणि माउस त्याला जोडता येतात, आणि २०२४ च्या अखेरीस आलेल्या एम४ मॅक मिनीची भारतातील सुरुवातीची किंमत ५९,९०० रुपये होती, जी मॅकबुक एअरपेक्षा बरीच कमी होती. पडद्याला फक्त जुनी व्हीजीए जोडणी असेल तर एक परिवर्तक लागेल. २०२० च्या नोव्हेंबरपासून अॅपल मॅकमध्ये स्वतःचे प्रोसेसर घालते आणि त्यांवर पूर्वीसारखे बूट कॅम्प ही मॅकमधली सोय वापरून विंडोज बसवता येत नाही. तेव्हा ‘गरज पडली तर मॅकवरच विंडोज टाकू’ असे जुने सल्ले कोणी देत असेल तर ते इंटेलच्या मॅकच्या काळातले आहेत. आणि स्वस्तात मिळतो म्हणून इंटेल प्रोसेसरचा जुना मॅक विकत तर मुळीच घेऊ नये. २०२५ ची ‘टाहो’ ही त्या जातीच्या मॅकसाठी शेवटची आवृत्ती आहे.

यजमानांच्या टॅलीविषयी थोडक्यात. टॅली विंडोजवरच चालते, त्यामुळे घरात एक विंडोज यंत्र लागणार. परंतु गृहनिर्माण संस्थेचे हिशेब खजिनदाराच्या घरच्या अकरा वर्षांच्या संगणकावर का असावेत, हा प्रश्न मी त्यांना विचारू इच्छिते. तो संगणक उद्या बंद पडला तर साठ बिऱ्हाडांसमोर उत्तर त्यांना द्यावे लागेल, आणि तुम्हाला त्यांचे ऐकावे लागेल ते वेगळेच. संस्थेने स्वतःचे यंत्र घ्यावे असा ठराव पुढच्या सभेत मांडायला हरकत नाही. प्राप्तिकराचे विवरणपत्र आणि बँकेचे व्यवहार ब्राउझरमधून होतात, त्यांसाठी कोणतेही अद्ययावत यंत्र चालते. जुना प्रिंटर नव्या यंत्रावर चालेल की नाही, हे मात्र खरेदीच्या आधी पाहून घ्या. त्याच्या नावाने आणि क्रमांकाने ड्रायव्हर शोधला की कळते.

मी तुमच्या जागी असते तर या वर्षी काहीच विकत घेतले नसते. जुन्या संगणकाची मुदतवाढ नोंदवली असती, लेकीच्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून घेऊन मेल, बँक आणि नातवंडांचे व्हिडिओ कॉल त्यावर नेले असते, आणि रोज तास-दीड तास ओव्यांच्या परिवर्तनाला दिला असता. ते पूर्ण झाल्यावर यंत्र निवडले असते, आणि तेव्हा टंकयंत्राची कळरचना व टॅली या दोन कारणांसाठी बहुधा विंडोजचेच निवडले असते. तुमच्या बोटांना तोवर इनस्क्रिप्ट रुचली आणि संस्थेने टॅली आपल्या यंत्रावर नेली, तर मॅक घ्यायलाही माझी हरकत असणार नाही, कारण तेव्हा ओव्या कुठेही उघडतील.

राहता राहिली लेक. तुम्ही तिला ‘नको’ म्हणावे लागेल असे गृहीत धरले आहे, पण मला तशी गरज दिसत नाही. तिने लॅपटॉप पाठवला तो आईच्या डोक्यावरचा एक घोर कमी व्हावा म्हणून. तो लॅपटॉप तुम्ही वापरणारच आहात, फक्त तिने कल्पिला होता तसा नाही. तिला फोनवर मॉन्टेरेची हकीगत सांगा. ती तपासून पाहील आणि तिला पटेल. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तुमच्या संगणकात नक्की काय आहे हे तिला एकदा दाखवा. तुमच्या पत्रावरून मला अशी शंका आली की ‘आई काहीतरी टाइप करत बसते’ यापलीकडे तिला फारशी माहिती नसावी, नाहीतर ‘जुना डबा भंगारात दे’ असे तिने इतक्या सहज म्हटले नसते. पुढच्या वेळी ती चार दिवस घरी आली की तिच्याकडून दोन कामे करून घ्या : लॅपटॉपवर लिनक्स बसवणे आणि आरटीएफ फाइली एकगठ्ठा परिवर्तित करून देणे. शेकडो फाइली एकेक करून उघडण्यात तुमचे महिने जातील. प्रोग्राम लिहिता येणाऱ्याला ते दुपारचे काम आहे. मग पहिली दहा पाने तिच्याशेजारी बसून तपासा. ‘आचाऱ्यांनी’ आणि ‘आचार्यांनी’ यांतला फरक तिला तुम्हीच सांगावा लागेल.